नेवाळीची धावपट्टी

कल्याणहून मलंगगडाकडे निघालं की वाटेत नेवाळी लागते. विमानांचे शौकीन जुहू-सांताक्रूझ पालथं घालतात, इकडे सहसा कुणी फिरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी इथली शेतं ताब्यात घेऊन धावपट्टी केली. लढाई सरली की जमीन परत, असा शब्द दिला होता, असं जुनी माणसं सांगायची. विमानाला ती 'इमान' म्हणत. लढाई 1945 साली सरली, इमानं गेली. जमीन मात्र सरकारदप्तरीच राहिली. तरी पाऊस पडला की लोक तिथे भात लावायचे. आम्ही पोरांनी तिथे गुरं वळली, क्रिकेट खेळलं.

पुढे नौदलानं भिंत घालायला घेतली आणि 22 जून 2017 ला रस्त्यावर टायर पेटले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, छर्रे सुटले. शेतकऱ्यांचीही डोकी फुटली, पोलिसांचीही.

बघायला या, पण रस्त्यावरूनच बघा; आत संरक्षण खात्याची हद्द आहे. टपरीवर चहा घेताना एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, आजाचं शेत कुठवर होतं? तो बसल्या जागेवरून हात करून बांध दाखवेल.