क्लिनिकल फार्मासिस्ट

क्लिनिकल फार्मासिस्ट हा रुग्णाच्या औषधोपचाराचा आढावा घेऊन डॉक्टरांना सल्ला देणारा औषधतज्ज्ञ होय. निदान डॉक्टरच करतात. औषधांच्या मात्रा, परस्परक्रिया व दुष्परिणाम तो तपासतो. ग्लिमेपिराइड हे मधुमेहाचे औषध दोन डॉक्टरांनी वेगवेगळ्या ब्रँडनावांनी लिहून दिल्यास दुहेरी मात्रेमुळे रक्तातील साखर धोकादायकरीत्या घटू शकते. अशी पुनरावृत्ती या आढाव्यात उघड होते.

भारतात सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस विनियमांनी रुग्णाचे समुपदेशन हे नोंदणीकृत फार्मासिस्टचे कर्तव्य ठरवले.

खानदेशात शिरपूर (जि. धुळे) हे औषधनिर्माणशास्त्र शिक्षणाचे केंद्र आहे. तथापि जळगाव व धुळे जिल्ह्यांतील खाजगी दवाखान्यांत हे पद सहसा नसते. त्यामुळे अशी तपासणी बहुधा औषध दुकानातील फार्मासिस्टवरच अवलंबून असते.