कोलामाचा मान

किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडांना शिवारातल्या देवाचं काही करायचं असलं, की ते कोलामाला बोलावत. गोंडांचे राजे होऊन गेलेले; चांद्याची त्यांची गादी 1751 पर्यंत टिकली. कोलाम मात्र डोंगरउतारावर कुदळीनं पोडूची, म्हणजे फिरती, शेती करणारा, राजा नाही की किल्ला नाही. तरी या भूमीच्या देवांपुढे उभं राहायचं ते त्यानंच, कारण तो इथला आधीचा. गोंड त्याला ‘पुजारी’ म्हणत. ऑस्ट्रियाचे मानववंशशास्त्रज्ञ फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी 1940 नंतर आदिलाबाद जिल्ह्यात राहून हे सगळं लिहून ठेवलं. किनवट तेव्हा आदिलाबादेतच होतं.

आपल्यापेक्षा आधी कोण होतं हे ओळखायचं आणि पूजेचा पहिला मान त्याला द्यायचा, ही रीत आपल्या नांदेड जिल्ह्यात अशी जुनी आहे. ऑस्ट्रेलियात आज शाळा, कचेऱ्या, विद्यापीठं सभेच्या सुरुवातीला त्या जमिनीच्या मूळ लोकांचं नाव घेतात. तिथेही नुसत्या शब्दांवर भागलं नाही. 1992 साली माबो खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं मूळ लोकांचा जमिनीवरचा हक्क मान्य केला, त्यानंतर ही प्रथा पसरली.

मी बिलोली तालुक्यात मास्तरकी केली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. दर 17 सप्टेंबरला झेंडावंदनानंतर मुलांना हैदराबाद मुक्तिसंग्राम सांगायचो. अर्जापूरला धारातीर्थी पडलेले हुतात्मा गोविंदराव पानसरे सांगायचो, ते सांगायलाच हवेत. गावच्या दगडी मशिदीवर बोलायचो, देशमुखी वतनांवर बोलायचो. शाळेच्या भिंतीवर देणगीदारांची पाटी होती. पण मांजरेच्या या काठावर देशमुख आणि सुभेदार यायच्या आधी कोण होतं, हे पाठ्यपुस्तकातही नव्हतं आणि पाटीवरही नव्हतं.

पुढच्या बाकांवर मात्र त्यांची मुलं बसलेली असायची. बिलोली, देगलूर, धर्माबाद या पट्ट्यात मन्नेरवारलू राहतात. घरात तेलुगू, बाजारात मराठी. हायमेनडॉर्फ यांच्या नोंदींत तेलुगू बोलणारे कोलाम म्हणजेच मन्नेरवारलू. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात हैदराबाद राज्याच्या अनुसूचित जमातींची यादी आहे, तिच्यातही कोलामांच्या नोंदीत ‘मन्नेरवारलूसह’ असं लिहिलेलं आहे. किनवटच्या डोंगरातला पुजारी आणि बिलोलीच्या शिवारातला हा माणूस कागदावर एकाच ओळीत आहेत.

त्यांची जमीन कशी गेली, ते किनवटकडे स्पष्ट दिसतं. निजामाच्या वनखात्यानं राखीव जंगलाच्या रेषा आखल्या, पोडू बंद पडली, कोलामांच्या वस्त्या उठल्या. 1940 साली जोडेघाटला याविरुद्ध उठलेला गोंड पुढारी कोमराम भीम मारला गेला, तेव्हा कुठे सरकार हललं. पुढे हायमेनडॉर्फ यांना सल्लागार नेमलं आणि आदिवासींना जमिनीचे पट्टे मिळू लागले. 1943 साली मारलवाईला गोंड शिक्षक तयार करणारी शाळा निघाली. गोंडीची पुस्तकं देवनागरीत छापली गेली. मास्तर म्हणून मला या शाळेचं फार अप्रूप वाटतं. मुलाला त्याच्या बोलीत शिकवणारा मास्तर त्याच्याच जमातीचा असावा, हे तिथे तेव्हा उमगलं होतं.

1956 ला हैदराबाद राज्य फुटलं. किनवट, राजुरा आणि इस्लापूर मंडळ मराठी मुलुखात आलं. मुधोळ, भैसा, कुबेर आणि देगलूरकडचं बिचकुंदा, जुक्कल आंध्रात गेलं. सोयरीक नदीच्या दोन्ही बाजूंना राहिली, पण कागद विभागले गेले. जमिनी मात्र हातातून निसटतच राहिल्या. आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठी महाराष्ट्राला 1974 साली वेगळा कायदा करावा लागला, यातच सगळं आलं.

आता प्रश्न जमातीच्या दाखल्याचा. जातपडताळणीला 1950 पूर्वीचा पुरावा सर्वांत वजनाचा धरतात. तो सापडण्याची एक जागा म्हणजे शाळेचं जुनं प्रवेश-निर्गम रजिस्टर. निजामाच्या काळातली ही रजिस्टरं उर्दूत असत. वडिलांनी मला उर्दू शिकवलेली, म्हणून लोक माझ्याकडे वाचायला आणत. जातीच्या रकान्यात कुठे मन्नेरवारलू स्वच्छ लिहिलेलं सापडे, कुठे नुसतं ‘हिंदू’, कुठे पान वाळवीनं खाल्लेलं. एका मुलाचं इंजिनिअरिंगचं प्रवेशाचं वर्ष अशाच एका उताऱ्यापायी गेलं. आजोबांचं नाव रजिस्टरात होतं, पण एका कचेरीतून उतारा वेळेत निघाला नाही.

खोट्या दाखल्यांचाही इथे सुळसुळाट झाला, न्यायालयांत ते उघडे पडले. त्यामुळे पडताळणी हवीच, आणि ती कडक हवी. पण जे या भूमीवर सर्वांत आधी होते त्यांच्याकडूनच आपण सर्वांत जुना कागद मागतो. कागद तर नंतर आलेल्यांबरोबर आला. ज्याचा आजोबा शाळेची पायरीच चढला नाही, त्यानं तो कुठून आणायचा? अशा वेळी त्यांचे देव, लग्नाच्या रिती, कुळं आणि पलीकडची सोयरीक नीट तपासणारा अधिकारी लागतो. घाईनं शेरा मारणारा नको.

गोंडांनी राज्य असताना कोलामाला पुढे बसवलं. आपल्या शाळांना तेवढं सहज करता येईल. 17 सप्टेंबरला हुतात्म्यांच्या नावांनंतर कोलाम, मन्नेरवारलू, गोंड, परधान, आंध यांची नावं घ्या, आणि किनवट नांदेड जिल्ह्यात कधी आलं ते मुलांना नकाशावर दाखवा. आणि तालुक्यातल्या माझ्या मुख्याध्यापक मित्रांनो, कपाटातली जुनी रजिस्टरं बाहेर काढा, बांधून घ्या, त्यांचं स्कॅनिंग करून ठेवा, उर्दू वाचणारा माणूस हाताशी ठेवा. उतारा मागायला आलेल्या माणसाला दुसरी चक्कर मारायला लावू नका.