डेन्मार्कचा क्रोन
मास्ट्रिख्ट करार, म्हणजे युरोपीय संघाची आणि सामायिक चलनाची पायाभरणी करणारा करार, डेन्मार्कच्या मतदारांनी जून १९९२ मध्ये ५०.७ टक्के मतांनी फेटाळला, तेव्हा सरकारने चलनासह चार बाबींत सवलती पदरात पाडून घेत १९९३ साली पुन्हा कौल मागितला आणि मिळवला. २००० साली मतदारांनी युरोही नाकारला. क्रोन राहिला खरा. परंतु एका युरोला सुमारे ७.४६ क्रोन हा मध्यवर्ती दर राखणे हेच डेन्मार्कच्या मध्यवर्ती बँकेचे मुख्य काम असल्याने, ज्या मंडळात डेन्मार्कला मतच नाही, त्या फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या मंडळामागोमाग तिचे व्याजदर बव्हंशी चालत आले. जानेवारी २०१५ मध्ये स्वित्झर्लंडने आपल्या फ्रँकची युरोशी ठरलेली मर्यादा सोडताच क्रोनकडे परकीय पैशाचा ओघ लागला, आणि तो थोपवण्यासाठी डेन्मार्कच्या बँकेने ठेवींवरील दर जेमतेम तीन आठवड्यांत चार वेळा घटवून उणे ०.७५ टक्क्यांवर आणला, म्हणजे पैसे ठेवणाऱ्या बँकांकडूनच शुल्क घेतले. शिवाय सरकारी कर्जरोख्यांची विक्रीही काही काळ थांबवण्यात आली.