ग्लेन दुरुस्ती

अंतराळवीर आणि पुढे सिनेटर झालेल्या जॉन ग्लेन यांच्या नावाने ओळखली जाणारी, 1994च्या अमेरिकी कायद्यातली तरतूद: मान्यताप्राप्त अण्वस्त्रधारी नसलेल्या देशाने अणुचाचणी केली, की मदत, कर्जहमी, शस्त्रविक्री बंद. मे 1998मध्ये ती भारत-पाकिस्तानला लागू झाली. लेखक इथे 'संपूर्ण कोंडी' म्हणतात, ते पटत नाही. पाकिस्तान तेव्हा अमेरिकी गव्हाचे मोठे गिऱ्हाईक होता. अमेरिकी शेतकऱ्यांची ओरड होताच तिथल्या काँग्रेसने जुलैतच शेतमालाला सूट दिली. भारताने ऑगस्टमध्ये अनिवासी भारतीयांना रोखे विकून 4 अब्ज डॉलरहून अधिक उभे केले. पाकिस्तानची गंगाजळी मात्र तुटपुंजी होती. त्याने चाचण्यांपाठोपाठ परकी चलनाची खाती गोठवली. फटका बसला साध्या ठेवीदारांना. चाचण्यांबद्दलचे निर्बंध सप्टेंबर 2001मध्ये दोघांवरूनही उठले. — संपा.