माळव्याचे पाणी आणि गवत

पौषातील एखाद्या सकाळी देवासच्या चामुंडा टेकडीवरून पाहिले, म्हणजे माळव्याचे पठार दूरवर पसरलेले दिसते. अठराव्या शतकात तुकोजी व जिवाजी हे पवार बंधू येथे स्थिरावले आणि एकाच गावी दोन गाद्या झाल्या. शेजारची धारची गादीही पवारांचीच.

घोडदळावर उभ्या असलेल्या मराठी राज्यांना पाणी आणि गवत ही दोन्ही जपावी लागत. धारच्या तलावाशी परमार राजा मुंज याचे नाव परंपरेने जोडले जाते. इंदूरजवळचे सिरपूर व यशवंतसागर हे जलाशय होळकरांचे. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब आणि थापट्या बदके हिवाळ्यात माळव्याच्या अशाच पाण्यावर उतरतात. गवताळ माळांवर भोवत्या हे शिकारी पक्षी खालून तरंगत भक्ष्य शोधतात.

१९४८ साली ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली. पाण्याला शहरांची गरज हा रक्षक लाभला. २०२२ मध्ये सिरपूर व यशवंतसागर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतही गेले. गवत मात्र बरेचसे नांगराखाली आले. त्यात पावसाळ्यात वीण करणारा तणमोर दुर्मीळ झाला, तेव्हा १९८३ मध्ये धार जिल्ह्यात सरदारपूर व रतलाम जिल्ह्यात सैलाना ही अभयारण्ये झाली. सरदारपूरच्या हद्दीत शेतकऱ्यांच्या जमिनीही आल्या आणि त्यांच्या खरेदी-विक्रीवर बंधने पडली. पक्षी वाचवताना माणसाचा व्यवहार अडला.

हिवाळ्यात येथे येणाऱ्या पक्षिनिरीक्षकाला तणमोर दिसत नाही. पुढल्या पावसात तो परतण्यासाठी गवत हवे, आणि ते राखण्यास त्या शेतकऱ्याची संमती हवी.