बंब, गीझर आणि आपण : सोसायटीच्या गरम पाण्याची पंचवीस वर्षं

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने मला निरोप दिला, "काका, सोसायटीच्या इतिहासावर काहीतरी लिहा." पण भूखंड कसा मिळाला, नोंदणी कशी झाली, पहिली बोअर किती फुटांवर लागली, हे सगळं इतरांनी लिहिलेलंच आहे. माझ्या वाट्याला काय उरलं? विचार करता लक्षात आलं, की या पंचवीस वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू आलेलं वाक्य एकच आहे. थंडीचे दिवस, पहाटेचे साडेपाच-सहा, दाराची बेल, आणि बाहेर खांद्यावर टॉवेल टाकलेला कोणीतरी : "काका, गीझर पेटत नाही हो!"

तर त्या गीझरचाच इतिहास लिहितो. नवल वाटेल, पण आपल्या सोसायटीची बरीचशी गोष्ट त्यात येते.

आपल्यातले बहुतेक जण खेड्यातून आलेले. लहानपणी गरम पाणी म्हणजे बंब. तांब्याचा, मधे जाळाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी. इंधनाला आपल्या खान्देशात तोटा नाही, कपाशी निघाली की पऱ्हाटीच्या काड्या दारातच पडलेल्या. त्याच काड्यांवर भरिताची वांगी भाजायची आणि त्यांनीच बंब पेटवायचा. काड्या ओल्या असल्या की धूर व्हायचा, डोळे चोळत आई म्हणायची, "फुंकर मार, वारा लागू दे त्याला." बंब अंगणात असायचा, नाहीतर पडवीच्या कडेला. घरात बंब पेटवायचा नाही, हे कोणी शिकवावं लागत नव्हतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग आपण दीपनगरला आलो. भुसावळच्या या औष्णिक केंद्राचा पहिला ६२.५ मेगावॅटचा संच १९६८ साली सुरू झाला. २१० मेगावॅटचे दोन संच १९७९ आणि १९८२ साली आले. हतनूरचं पाणी, मालगाडीने येणारा कोळसा आणि आपली माणसं, यांवर हे केंद्र उभं राहिलं. कॉलनीच्या क्वार्टरमधे बंबाची जागा विजेच्या हीटरने घेतली. बादलीत सळई टाकायची, आणि "हात घालू नको रे" असं पोरांवर ओरडत राहायचं. २०१२ साली ५०० मेगावॅटचे दोन संच सुरू झाले तोवर आपल्यातले पुष्कळसे निवृत्त होऊन इथे राहायला आलेले होते.

सोसायटी झाली तेव्हा वाटलं, आता सुखाने राहू. पण नंतरच्या काही वर्षांत भारनियमनाने सगळ्यांना पिडलं. २००५ च्या जूनमधे वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, त्याच्या आगेमागे तर रोज कित्येक तास वीज नसायची. ज्यांनी जन्मभर वीज तयार केली, त्यांच्याच घरात पहाटे अंधार. दिव्याखाली अंधार ही म्हण दीपनगरवाल्यांइतकी कोणाला कळली नसेल! अशा वेळी कोणीतरी भुसावळहून गॅस गीझर आणला. विजेची गरज नाही, दोन सेल घातले की झालं. नळ सोडला की टिकटिक, भप्प, आणि गरम पाणी. वर्ष-दोन वर्षांत निम्म्याहून जास्त घरांत भिंतीवर ती पांढरी पेटी लागली, आणि बहुतेक ठिकाणी थेट मोरीत, म्हणजे बाथरूममधेच. तीच सोयीची जागा वाटायची.

'गीझर' हा शब्द आला आइसलंडमधून. तिथल्या 'गेसिर' नावाच्या उसळत्या गरम झऱ्यावरून. आपल्याकडे चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी उनपदेवला जमिनीतून गरम पाणी येतं, तसाच प्रकार, फक्त तिकडे ते कारंज्यासारखं उडतं. १८६८ साली लंडनमधे बेंजामिन मॉन नावाच्या रंगकाम करणाऱ्या माणसाने गॅसवर चालणारी पाणी तापवायची टाकी काढली आणि तिला हे नाव दिलं. पाणी छान तापायचं. पण जळालेला वायू बाहेर नेणारं धुराडंच तिला नव्हतं. पुढे १८८९ साली अमेरिकेत एडविन रूड या नॉर्वेहून आलेल्या माणसाने आपोआप चालणारा हीटर बनवला. यंत्र सुधारत गेलं. पण धूर जाणार कुठे, हा मॉनच्या टाकीतला प्रश्न दीडशे वर्षांनी आपल्या मोरीत येऊन बसला होता आणि आपल्याला त्याचा पत्ता नव्हता.

आता एक प्रसंग लिहितो. तो मी सभेत कधी नीट बोललो नाही.

२००८ चा डिसेंबर. कडाक्याची थंडी. एका घरातून बोलावणं आलं, गीझर आठवडाभर त्रास देतोय. टिकटिक होते, जाळ धरत नाही. धरलाच तर मिनिटभराने विझतो. मी गेलो. सेल काढून बघितले, उतरलेले होते. नवे घातले, नळ सोडला, भप्पकन पेटला. वहिनींनी चहा दिला. "बॉयलरवाल्या माणसाला काय अवघड!" असं कोणीतरी म्हणालं, आणि मी खूश होऊन घरी आलो. मोरीच्या झरोक्याला थंडी नको म्हणून पुठ्ठा लावलेला होता. तो मी पाहिला होता. जाळ पिवळट होता, तोही पाहिला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांची दहावीतली मुलगी क्लासला जायच्या आधी आंघोळीला गेली. आत तांब्या पडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. वहिनींनी हाका मारल्या, दाराला धडका दिल्या, शेजारी धावले, कडी तोडली. पोर बेशुद्ध. मोकळ्या गॅलरीत आणली, मग भुसावळला दवाखान्यात, ऑक्सिजन लावला. दुपारी तिने डोळे उघडले. आज ती पुण्यात नोकरी करते, दिवाळीला आली की पाया पडते. मला मात्र तो पुठ्ठा आठवतो.

जाळाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. माणसाला गुदमरल्यासारखं वाटतही नाही. डोकं जड होतं, पाय गळतात, बस्स. एक भाग गॅस जाळायला पंचवीस-तीस भाग हवा लागते, आणि सहा लिटरचा गीझर शेगडीच्या मोठ्या बर्नरच्या चार-पाचपट गॅस खातो. बंद मोरीत ती हवा आणायची कुठून?

मला सगळ्यात लागलं ते हे, की मला हे ठाऊक होतं. आपली तिन्ही बिल्डिंगं एकावर एक ठेवली तरी आत मावतील एवढ्या बॉयलरवर मी नोकरी केली. तिथे बॉयलर पेटवायच्या आधी पंखे लावून आतली हवा पाच मिनिटं सलग बाहेर काढायचीच, तीही पूर्ण क्षमतेच्या निदान तीस टक्के हवेने. ते झाल्याशिवाय यंत्रणा तेल आत सोडूच देत नाही. मग तेलाचा जाळ, तो नीट धरला की कोळशाची भुकटी. जाळावर नजर ठेवायला फ्लेम स्कॅनर. जाळ दिसेनासा झाला की सगळं इंधन आपोआप बंद. संच ट्रिप झाला की साहेब लोक ओरडायचे, पण कारण सापडल्याशिवाय पुन्हा पेटवायचं कोणी म्हणायचं नाही. गीझरमधेही जाळ ओळखणारी एक बारीक सळई असते. जाळ दिसला नाही की ती गॅस बंद करते. ती मला आठवडाभर सांगत होती आणि मी तिला नवे सेल घालून गप्प केलं.

जानेवारीत खास सभा घेतली. ठराव झाला : एकही गॅस गीझर मोरीत राहणार नाही. तो गॅलरीत किंवा डक्टच्या बाजूला उघड्या हवेत लावायचा, आणि पाणी पाइपने आत न्यायचं. खर्चावरून वादावादी झाली. "इतकी वर्षं काही झालं नाही," असंही एक जण म्हणाले. वहिनी उभ्या राहिल्या आणि एवढंच बोलल्या, "आमच्याकडे पण काही झालं नव्हतं." मग सगळे गप्प बसले. महिन्याभरात सगळे गीझर बाहेर आले. माझ्या मते पंचवीस वर्षांतला हा आपला सगळ्यात चांगला ठराव.

नव्या पिढीसाठी आता क्रम लिहून ठेवतो, म्हणजे पहाटे माझी बेल वाजायला नको.

टिकटिक येतच नसेल तर आधी पाणी बघा. पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो आणि बटण दाबलं जातं, तेव्हाच ठिणगी पडते. तिसऱ्या मजल्याच्या घरांचं दुखणं हेच. टाकी डोक्यावर, पण उंची कमी, म्हणून दाब नाही. पाणी येतं त्या तोंडाशी बारीक जाळी असते. आपलं पाणी जड, तिच्यात क्षार आणि रेती बसते. ती काढून धुवा. दाब बरा असेल तर सेल बघा. दोन्ही एकदम बदला, आणि पत्र्यांवरचा हिरवा गंज पुसा.

टिकटिक येते पण जाळ नाही, तर गॅस पोचत नाही. सिलिंडर संपला का, रेग्युलेटरचं बटण चालू आहे का, नळी मुडपली का, ते बघा. नवा सिलिंडर लावला की नळीत हवा असते, एक-दोनदा प्रयत्न लागतो. पण तीनदा झालं की थांबा. न जळलेला गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. सिलिंडर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, वास पूर्ण जाऊ द्या. वास असेपर्यंत विजेचं बटण, काडी, लायटर, काही नाही.

जाळ धरून विझत असेल, पिवळा असेल, किंवा पेटीवर काजळी दिसत असेल, तर नळ बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. त्या दिवशी आंघोळ शेगडीवरच्या पाण्याने. आणि मेकॅनिक जर म्हणाला, "ही सळई बायपास करून देतो, मग झटकन पेटेल," तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा.

आता गच्चीवर सोलर आलं आहे. आपल्याकडच्या उन्हाला कोणी नावं ठेवू शकत नाही. पण ढगाळ सकाळी अजून गीझर लागतोच, आणि नवीन आलेले भाडेकरू पहिल्याच थंडीत विचारतात, "मोरीत बसवला तर काय होतं?" त्यांना हा अंक वाचायला द्या.

माझ्या आईला हे यंत्रबिंत्र काही माहीत नव्हतं. बंब पेटत नसला की ती आधी राख काढायची आणि वारा लागू द्यायची. बॉयलरवर आम्ही तेच करायचो, नाव फक्त इंग्रजी होतं.

रौप्यमहोत्सवाच्या सगळ्यांना शुभेच्छा. आणि हो, झरोक्याला पुठ्ठा दिसला तर काढा.