वेरूळची रंगीत चित्रे आणि गंगाराम तांबट

जोयडा तालुक्यातल्या कुंभारवाड्यात एका परिचितांच्या ओटीवर जुने कॅलेंडर पाहिले. त्यावर वेरूळचे लेणे होते, इंग्रज चित्रकाराच्या नजरेतून पाहिलेले. अशी चित्रे आपल्याकडेही घरोघरी असतात. ती आली कुठून?

त्यांचे मूळ लंडनमध्ये सापडते. थॉमस डॅनियल याने १८०३ साली वेरूळच्या २४ चित्रांचा संग्रह छापला. मूळ चित्रे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची. तो १७९५ मध्येच वारला होता. छपाईची रीत अशी: तांब्याच्या पत्र्यावर राळेची पूड पसरून ती तापवायची आणि मग पत्रा टप्प्याटप्प्याने तेजाबाला खाऊ द्यायचा. जितका वेळ जास्त, तितकी छटा गडद. ठसा कागदावर उमटला की कारागीर हाताने जलरंग भरीत. दगडावरून एकेक रंग छापण्याची पद्धत नंतर रुळली. विल्यम सिम्प्सनचा १८६७ चा हिंदुस्थानावरील चित्रसंग्रह त्या पद्धतीचा.

आता मुख्य गोष्ट. पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने चित्रकलेची शाळा काढली होती. तिथे वेल्स शिकवीत असे. त्या शाळेत तयार झालेला गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट याने मॅलेटसाठी वेरूळची लेणी रेखाटली. ती रेखाटने आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्सने गंगारामाची नक्कल केली, असे मला मुळीच म्हणायचे नाही. दोघांनी एकाच काळात तीच लेणी पाहिली, एवढेच. पण वेल्सची चित्रे पत्र्यावर चढली, त्यांच्या प्रती निघाल्या, त्याचे नाव संग्रहाच्या पहिल्या पानावर आले. गंगारामाच्या कामाला तशी प्रसिद्धी मिळाली नाही. तांबटाच्या घरचा मुलगा, आणि तांब्याच्या पत्र्याने कीर्ती दिली ती दुसऱ्याला!

छपाई म्हणजे नुसती प्रत काढणे नव्हे. कुणाची नजर पुढच्या पिढ्यांच्या भिंतीवर राहील, हेही तीच ठरवते. आपली लेणी, आपले घाट, आपले बाजार आपण अजून पुष्कळदा त्या परक्या नजरेनेच पाहतो. ती चित्रे देखणी आहेत, जरूर लावावीत. पण वेरूळचे असे चित्र पुन्हा कुठे छापले, तर खालच्या ओळीत एवढे लिहावे, की हीच लेणी त्याच दशकात पुण्याच्या गंगाराम तांबटानेही काढली होती.